चार जणांची एक चाल: बाल्डर्स गेट ३ मध्ये पार्टी कशी बांधावी आणि लढाई कशी लढावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेम टॅक्टिशियन या कठीण पातळीवर चालू आहे आणि पार्टी, म्हणजे चार पात्रांचा गट, चौथ्या लेव्हलची आहे. खेळाडूचे स्वतःचे पात्र धनुष्य वापरणारा रेंजर असून सोबत शॅडोहार्ट (क्लेरिक, म्हणजे उपचार करणारी देवभक्त), गेल (विझर्ड, म्हणजे जादूगार) आणि ॲस्टेरियन (रोग, म्हणजे लपून वार करणारा) आहेत. गॉब्लिन या शत्रुजमातीच्या छावणीत त्यांचा नायक ड्रोर रॅगझ्लिन याच्या दालनातली लढाई सलग पाच वेळा हरून झाली आहे. शॅडोहार्टच्या साऱ्या पाळ्या जखमींना बरे करण्यात जातात, गेल दुसऱ्या फेरीतच कोसळतो, आणि पार्टीत मार झेलणारा ‘टँक’ नाही हेच अपयशाचे कारण असावे, असा प्रश्नकर्त्याचा तर्क आहे. कोणाला काढून कोणाला घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

हा खेळ मी टॅक्टिशियनवर आणि नंतर एकाच सेव्हवर खेळाव्या लागणाऱ्या ऑनर मोडवर पूर्ण केला आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या ज्या पाचव्या आवृत्तीवर लॅरियन स्टुडिओजने २०२३ साली हा खेळ आणला, तिचे डाव त्याआधी अनेक वर्षे टेबलाभोवती बसून चालवले आहेत. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे आहे की ही लढाई जिंकण्यासाठी तुमच्या चौघांपैकी एकालाही घरी पाठवण्याची गरज नाही. चौघांच्या पाळ्या कशावर खर्च होतात, एवढे मात्र मुळापासून बदलावे लागेल.

या खेळात प्रत्येकाला आपल्या पाळीत एक ॲक्शन, एक बोनस ॲक्शन आणि साधारण ९ मीटरची हालचाल मिळते, आणि दुसऱ्याच्या पाळीत वापरण्यासाठी एक रिॲक्शन मिळते. शत्रूलाही नेमके एवढेच मिळते. अर्धमेला गॉब्लिन धडधाकट गॉब्लिनाइतक्याच जोराने वार करतो. तो मेला तरच त्याची पाळी जाते. समजा, समोर प्रत्येकी २० हिट पॉइंटचे, म्हणजे एवढे नुकसान झाल्यावर मरणारे, चार शत्रू आहेत आणि तुमची पार्टी एका फेरीत एकूण २० नुकसान करते. हा मारा चौघांवर सारखा वाटला, तर तीन फेऱ्यांपर्यंत चारही शत्रू उभे राहतील आणि तुमच्यावर बारा हल्ले होतील. तोच मारा एकेकावर एकवटला, तर फेरीगणिक तीन, दोन आणि एक असे सहाच हल्ले होतील. पार्टी तीच, शस्त्रे तीच, फासेही तेच असून निम्मा मार वाचतो. दालनात शिरल्यावर तुमचा रेंजर एकाला, ॲस्टेरियन दुसऱ्याला आणि गेल तिसऱ्याला जखमी करत असेल, तर शॅडोहार्टला बरे करण्यावाचून दुसरे काम उरणारच नाही.

बरे करण्याचाही हिशेब मांडून पाहावा. पहिल्या पातळीचा क्युअर वूंड्स हा स्पेल (मंत्र) पूर्ण ॲक्शन घेऊन एक आठ बाजूंचा फासा अधिक विझ्डम या गुणाचे ३, म्हणजे सरासरी साडेसात हिट पॉइंट परत देतो. बरे करण्याचे साधे औषध चार बाजूंचे दोन फासे अधिक २, म्हणजे सरासरी ७ देते आणि ते पिण्यास केवळ बोनस ॲक्शन लागते. अर्ध्या हिट पॉइंटसाठी शॅडोहार्टची अख्खी ॲक्शन आणि वर एक स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी मुभा) खर्च करणे मला कधीच पटलेले नाही. लढाई चालू असताना तिने हीलिंग वर्ड एवढाच उपचार करावा, कारण तो बोनस ॲक्शनमध्ये १८ मीटरवरून करता येतो. तोही कोणी खाली पडल्यावरच करावा. पडलेला सोबती एवढ्याने पुन्हा उठतो आणि त्याची पाळी वाया जात नाही. अर्धा जखमी सोबती मात्र जखमी असतानाही पूर्ण ताकदीने लढतो, म्हणून त्याच्यावर उपचार करण्याची घाई करू नये.

आता टँकविषयी. ऑनलाइन खेळांमधून आलेल्या खेळाडूंच्या मनात ही कल्पना घट्ट बसलेली असते की एक दणकट योद्धा पुढे उभा केला की सारे शत्रू त्याच्यावरच धावून जातात. इथे शत्रूला तसे बांधून ठेवणारी यंत्रणा जवळजवळ नाही. काही मोजकी कौशल्ये सोडली, तर शत्रू आपले लक्ष्य आपणच निवडतो आणि पुष्कळदा कमी आर्मर क्लासचा (म्हणजे वार चटकन लागणारा), कमी हिट पॉइंटचा मनुष्य निवडतो. तुमचा गेल म्हणूनच पहिल्यांदा पडतो. लेझेल किंवा कार्लॅक या लढवय्या सोबतिणींपैकी कोणी पुढे उभी असती तरी तिला वळसा घालून गॉब्लिन गेलपर्यंत पोहोचलेच असते. वाटेत फार तर एखाद्यावर तिच्या रिॲक्शनचा वार बसला असता. गेलला वाचवायचे असेल तर दाराची अरुंद चौकट, शिडीचे टोक किंवा एखादा जाड खांब हवा. आघाडीचा योद्धा अशा जागी उभा केला तरच त्याचा उपयोग ढालीसारखा होतो. एरवी तो पार्टीत असावा तो त्याच्या वारांसाठी. लेझेल मला प्रिय आहे ती याच कारणाने: दुसऱ्या लेव्हलपासून ॲक्शन सर्जमुळे ती एका पाळीत जास्तीची ॲक्शन काढते. तिच्या चिलखतासाठी तिला पार्टीत घेऊ नये.

पार्टीतले चौघे एकमेकांना कसे उपयोगी पडतात, हे तुमच्याच रेंजरच्या उदाहरणाने दाखवतो. डेक्स्टेरिटी १६ असेल तर तिचे ३, प्रावीण्याचे २ आणि आर्चरी या शैलीचे २ मिळून तो वीस बाजूंच्या फाशावर ७ मिळवतो. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे फाशाने गाठायचा आकडा, १५ असेल तर बाण लागण्याची शक्यता ६५ टक्के राहते. लाँगबोचे सरासरी नुकसान साडेसात धरले, तर दर बाणामागे अपेक्षित नुकसान ५च्या थोडे खाली येते. चौथ्या लेव्हलला शार्पशूटर हे फीट (खास कौशल्य) घेतले की नेमातून ५ वजा होतात आणि नुकसानात १० मिळतात. शक्यता ४० टक्क्यांवर उतरते, तरी अपेक्षित नुकसान ७ होते. आता रेंजर उंचावर उभा केला, तर उंचीचे २ मिळून तेच पावणेनऊच्या आसपास जाते. शॅडोहार्टने ब्लेस हा स्पेल टाकला, तर चार बाजूंच्या फाशाचे सरासरी अडीच मिळून शक्यता साडेबासष्ट टक्क्यांवर पोहोचते आणि अपेक्षित नुकसान ११च्या जवळ येते. म्हणजे एक फीट, एक उंचवटा आणि शॅडोहार्टची एक ॲक्शन यांनी त्याच रेंजरचा मारा दुपटीहून अधिक झाला. खाली उभे राहून वर बाण सोडला तर हेच २ वजा होतात, याचेही भान ठेवावे. शार्पशूटर घेतलेल्याला मात्र तो दंड लागत नाही.

ब्लेसचा उल्लेख झाला म्हणून कॉन्सन्ट्रेशनविषयी सविस्तर लिहितो, कारण नवख्या पार्ट्या माझ्या पाहण्यात सर्वाधिक वेळा याच ठिकाणी गळतात. टिकून राहणाऱ्या बहुतेक प्रभावी स्पेलना सतत लक्ष द्यावे लागते आणि एक व्यक्ती एका वेळी असा एकच स्पेल धरून ठेवू शकते. शॅडोहार्टने पहिल्या फेरीत ब्लेस टाकून दुसऱ्या फेरीत कोणावर शील्ड ऑफ फेथ टाकला, तर तिघांवरचा ब्लेस त्याच क्षणी जातो आणि पहिली पाळी वाया जाते. म्हणून लढाईपूर्वीच ठरवावे की कोण काय धरणार. तुमच्या पार्टीत शॅडोहार्टने ब्लेस धरावा, रेंजरने हंटर्स मार्क धरावा आणि गेलने जागा अडवणारा किंवा माणूस अडवणारा स्पेल धरावा. दाराच्या चौकटीपुढे टाकलेला क्लाउड ऑफ डॅगर्स तिथून येणाऱ्या प्रत्येकाला चार बाजूंच्या चार फाशांचे नुकसान देतो. ड्रोर रॅगझ्लिन हा हॉबगॉब्लिन, म्हणजे मनुष्यसदृश जीव असल्यामुळे त्याच्यावर होल्ड पर्सनही चालतो. तो लागू पडला तर ड्रोरची पाळी तर जातेच, शिवाय ३ मीटरच्या आतून त्याला लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे नुकसानाचे फासे दुप्पट करणारा, ठरतो. सुटण्याचा प्रयत्न तो प्रत्येक पाळीच्या शेवटी करत राहतो, म्हणून त्या एका फेरीत साऱ्यांनी त्याच्यावरच तुटून पडावे.

कॉन्सन्ट्रेशन धरणाऱ्याला मार लागला की त्याला कॉन्स्टिट्यूशनच्या फाशावर किमान १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मे, यांपैकी जे मोठे असेल ते गाठावे लागते. शॅडोहार्टचे कॉन्स्टिट्यूशन मुळात १४ असते, म्हणजे १० गाठण्याची शक्यता ६५ टक्के. सरासरी तीन घावांत एकदा ब्लेस सुटणार. तिची मूळ आकडेवारी कथेला साजेशी असली तरी टॅक्टिशियनसाठी विस्कळीत आहे: स्ट्रेंग्थ १३ आणि डेक्स्टेरिटी १३ या दोन विषम आकड्यांतल्या शेवटच्या एकेका गुणाचा तिला काहीही लाभ होत नाही. समुद्रकिनाऱ्याजवळच्या थडग्यात भेटलेला विदर्स तुमच्या तळावर आला असेल, तर १०० सोन्याच्या नाण्यांत तो कोणाचाही क्लास (पेशा) आणि आकडे नव्याने मांडून देतो. तिला विझ्डम १७, कॉन्स्टिट्यूशन १६, डेक्स्टेरिटी १४, स्ट्रेंग्थ १० आणि उरलेले दोन्ही ८ असे द्यावे. ट्रिकरीऐवजी लाइट हे डोमेन (क्लेरिकची शाखा) घ्यावे. त्यातली वॉर्डिंग फ्लेअर ही रिॲक्शन हल्लेखोराचा नेम बिघडवते, आणि एरवी तिची रिॲक्शन फारशी कामी येतच नाही. स्केल मेल आणि ढाल दिली की तिचा आर्मर क्लास १८ होतो. ब्लेस तिघांवर पडतो. ते तिघे म्हणजे रेंजर, ॲस्टेरियन आणि ती स्वतः, कारण ब्लेसचा फासा कॉन्सन्ट्रेशन टिकवण्याच्या फाशातही मिळतो. गेलचे जे स्पेल शत्रूलाच फासा टाकायला लावतात त्यांना ब्लेसचा उपयोग नाही, म्हणून त्याला वगळण्यात खेद मानू नये.

ब्लेस टाकून झाल्यावरच्या पाळ्यांमध्ये तिने सेक्रेड फ्लेम टाकत बसू नये. त्यात शत्रू डेक्स्टेरिटीवर सुटतो आणि गॉब्लिन चपळ असतात. त्याऐवजी गायडिंग बोल्ट टाकावा. त्याचे नुकसान चांगले आहेच, पण खरा लाभ असा की त्या शत्रूवरच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांतला मोठा आकडा मिळतो. तो पुढचा हल्ला ॲस्टेरियनचा असला पाहिजे. त्याचा स्नीक अटॅक, म्हणजे जादा नुकसान करणारा वार, ॲडव्हान्टेज असेल तेव्हा किंवा लक्ष्याच्या अगदी जवळ आपला कोणी असेल तेव्हाच लागतो, आणि तुमच्या पार्टीत लक्ष्याजवळ सहसा कोणीच नसते. म्हणूनच तुमचा ॲस्टेरियन दुबळा वाटत असणार. तिसऱ्या लेव्हलला त्याला थीफ (रोगची एक शाखा) केले असेल तर दोन बोनस ॲक्शन मिळतात. एकीत लपून ॲडव्हान्टेज मिळवता येतो आणि दुसरी औषधाला किंवा धक्क्याला उरते. कमांड हा पहिल्या पातळीचा स्पेलही शॅडोहार्टजवळ तयार असू द्यावा. त्याला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, त्यामुळे ब्लेस न सोडता शत्रूची एक अख्खी पाळी हिरावता येते किंवा त्याला हातातले शस्त्र टाकायला लावता येते.

पाळ्यांचा क्रम ठरवणारा इनिशिएटिव्ह या खेळात वीस बाजूंच्या फाशावर ठरत नाही. तो चार बाजूंच्या फाशावर ठरतो. टेबलावर खेळणाऱ्यांच्या हे चटकन लक्षात येत नाही, आणि याचा परिणाम फार मोठा आहे. डेक्स्टेरिटी १६ असलेल्याला ४ ते ७ मिळतात, तर डेक्स्टेरिटी १० असलेल्याला १ ते ४. म्हणजे पहिला दुसऱ्याच्या मागे कधीच पडत नाही. गेलला डेक्स्टेरिटी १४ किंवा १६ देणे म्हणूनच त्याला चिलखत देण्यापेक्षा मोलाचे आहे: शत्रू दाटीत उभे असतानाच त्याचा स्पेल सुटतो. शिवाय क्रमाने लागून आलेल्या सोबत्यांच्या पाळ्या एकत्र येतात आणि त्यांच्यात हवे तसे पुढेमागे करता येते. गायडिंग बोल्ट आधी आणि ॲस्टेरियनचा बाण नंतर, हे जमवायला त्याचा फार उपयोग होतो.

आता प्रत्यक्ष त्या दालनाकडे येतो. तुमच्या वर्णनावरून मला वाटते की तुम्ही चौघे मिळून ड्रोरपुढे जाता, संभाषण बिघडते आणि लढाई सुरू होते. संभाषणातून सुरू झालेल्या लढाईत चौघेही एका घोळक्यात, उघड्यावर, शत्रूच्या मधोमध उभे असतात. दुसऱ्या फेरीतच गेल पडण्याइतका मार बसला तर नवल नाही. माझा ऑनर मोडचा पहिला डाव मी असाच गमावला. गिथयांकी या लढवय्या जमातीच्या गस्तीशी बोलायला चौघे एकत्र गेलो, बोलणे फिसकटले आणि दोन फेऱ्यांत पुढचे काही करण्यासारखे उरले नाही. तेव्हापासून बोलायला एकच जण जातो, बाकीचे तिघे पार्टीतून सुटे करून मी आधीच त्यांच्या जागी उभे करतो. छावणीत गॉब्लिन तुम्हाला शत्रू मानत नसतील, तर ही मुभा तुम्हाला पुरेपूर आहे. ड्रोरच्या दालनावर लाकडी तुळया आहेत आणि शिडीने तिथे चढता येते. रेंजर आणि ॲस्टेरियन वर, गेल दाराबाहेर आडोशाला आणि शॅडोहार्ट दाराच्या चौकटीत, अशी मांडणी करावी. मग संभाषण करूच नये. तुळईवर लपलेल्या ॲस्टेरियनने पहिला बाण सोडावा. बेसावध सापडलेल्या शत्रूंची पहिली पाळी बुडते. चार विरुद्ध अनेक अशा लढाईत एवढी मोठी सवलत दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाही. वर असलेल्यांनी कडेपासून मात्र थोडे आत राहावे, कारण तिथून ढकलले गेल्यास पडण्याचेही नुकसान होते.

धक्का तुमच्याही हातात आहे आणि तो केवळ बोनस ॲक्शन घेतो. दरीच्या कडेला उभा असलेला शत्रू कितीही हिट पॉइंटचा असो, धक्का लागू झाला की संपला. त्याच्या अंगावरची लूट त्याच्याबरोबर जाते, म्हणून छावणीच्या तीन नायकांपैकी एक असलेल्या मिंथारासारख्यांवर हा उपाय करताना आधी विचार करावा. तिच्या दालनाजवळ तो मोह फार होतो.

मिंथारा, गट आणि ड्रोर या तिन्ही नायकांचा क्रमही बदलून पाहावा. गट नावाची प्रीस्टेस (पुजारीण) तुम्हाला आपल्या खासगी दालनात एकांतात नेण्यास तयार होते. तिथे दार बंद असताना तिचा निकाल लावला, तर बाहेरच्यांना त्याचा पत्ता लागत नाही आणि तीनपैकी एक काम मोठ्या लढाईवाचून पार पडते. सर्वांत गर्दीची म्हणून ड्रोरची लढाई मी शेवटी ठेवतो. तिच्याआधी एक शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) राखून ठेवतो. लाँग रेस्टपर्यंत, म्हणजे तळावरच्या रात्रभराच्या मुक्कामापर्यंत, अशा दोनच मिळतात. टॅक्टिशियनवर लाँग रेस्टला ८० रसद लागते, म्हणून अनेक जण स्पेल वाचवत जातात आणि भरल्या स्लॉटनिशी मरतात. या भागात अन्न मुबलक सापडते. पिंपे, पेट्या, स्वयंपाकाच्या जागा तपासत गेलात तर रसद कमी पडणार नाही, आणि प्रत्येक मोठ्या लढाईत दुसऱ्या पातळीचे स्लॉट निःशंकपणे वापरता येतील. पडून असलेले स्क्रोलही (मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या) वापरावेत. या खेळात ते कोणत्याही क्लासच्या पात्राला वाचता येतात, त्यामुळे ॲस्टेरियनच्या हातूनही एखादा स्पेल सुटू शकतो.

पुढच्या वाटचालीसाठी एवढे सांगतो की पाचवी लेव्हल येताच ही पार्टी वेगळीच होते. रेंजरला एका ॲक्शनमध्ये दोन बाण मिळतात आणि वर मांडलेला शार्पशूटरचा हिशेब थेट दुप्पट होतो. शॅडोहार्टला स्पिरिट गार्डियन्स मिळतो. तो तिच्याभोवती फिरत राहतो आणि ती शत्रूंच्या घोळक्यातून चालत गेली तरी नुकसान करतो. तेव्हा ब्लेस धरायचा की तो, हे प्रत्येक लढाईत नव्याने ठरवावे लागेल. दाटीच्या जागी मी नेहमी स्पिरिट गार्डियन्स धरतो. गेलला लाइटनिंग बोल्ट शिकवावा, ज्याचे सरासरी नुकसान २८ आहे. शत्रू ओले असतील तर विजेचे नुकसान दुप्पट होते, आणि त्यांना ओले करायला शॅडोहार्टचा क्रिएट वॉटर किंवा फेकलेली पाण्याची बाटली पुरते. गेलने इव्होकेशन ही शाखा घेतली असेल तर त्या शाखेचे स्पेल आपल्या माणसांना इजा करत नाहीत, त्यामुळे शॅडोहार्ट घोळक्यात असतानाही त्याला थांबावे लागत नाही. अंडरडार्क या भूगर्भातल्या भागात उतरण्याचा किंवा गिथयांकी गस्तीला सामोरे जाण्याचा विचार ही लेव्हल येईपर्यंत लांबणीवर टाकावा.

सहाव्या प्रयत्नात ड्रोरकडे सुरुवातीला पाहूही नका. दालनात दुरून मारा करणारे आणि मंत्र टाकणारे जे गॉब्लिन आहेत त्यांना तुळईवरून एकेक करून संपवा, कारण खालून तुळईपर्यंत मारा करू शकणारे तेच आहेत. ड्रोर आणि त्याचे हातघाईचे सैनिक तोवर दाराकडे धावतील, आणि तिथे गेलचा क्लाउड ऑफ डॅगर्स व चौकटीतली शॅडोहार्ट असेल.